चारी कोपरं शाबूत

मामंजी,

वर 'तीर्थरूप' लिहायचं असतंय असं वर्गातल्या बाईंनी शिकवलंय. आज मी ते लिहिणार न्हाई. तुमी गेलासा त्याला चौदा दिस झालं. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणत्यात, पण मला लय राग आलाय. त्यो कुणावर काढू? म्हशीवर?

तुमच्या मरणाची कार्डं मीच लिहिली. दचकलासा? अकरा कार्डं लिहिली. तुमच्या बहिणीला, पलटणीतल्या सोबत्यांना, लांबच्या भावकीला. एकेक लिहायचं आन् रीतीपरमाणं त्याचा कोपरा फाडायचा, म्हंजे पोस्टमनच्या हातात बघूनच घरातल्याला कळतंय की कुणीतरी गेलंय. ते कोपरं फाडताना माझा हात सारखा अडत हुता. तुमच्यासाठी न्हाई. कशापायी अडत हुता तेच सांगायला बसलीया.

लेकीच्या, शकूच्या वहीतली पानं घेतलीत. ती शाळंला गेली, भांडी घासून झाली, की दुपारचं थोडं थोडं लिहिती. बाई म्हणतात, 'हाय' नको, 'आहे' लिही. मी म्हणलं, बाई, जन्मभर दुसऱ्याच्या मर्जीनं गप्प बसले, आता लिहू तरी द्या माझ्या तोंडानं.

तर ऐका. आता तुमाला खाकरता येत न्हाई, काठी आपटता येत न्हाई, उठून रानात जाता येत न्हाई. ऐकायलाच लागंल.

मेढ्याच्या वरच्या डोंगरातनं तुमच्या ह्या पलूसकडच्या काळ्या रानात मी लग्न होऊन आले, त्याला अकरा वर्सं झाली. आमच्याकडं नाचणी आन् भात, तुमच्याकडं ऊसच ऊस. माझ्या बोलण्याला बायका हसायच्या. सासूबाई हुत्या तवर बरं हुतं. तुमचा निरोप त्या आत आणायच्या, माझा निरोप बाहेर न्यायच्या. तीन वर्सांनी त्या गेल्या, आन् घरात उरलो आपण दोघं आन् पाळण्यातली शकू. तुमचं ल्योक फौजेत, सरहद्दीवर. सुनंनं सासऱ्यापुढं तोंड उघडायचं न्हाई, सासऱ्यानं सुनंचं नाव घ्यायचं न्हाई. मग घर कसं चालायचं?

खाकरण्यावर चालायचं. तुमी एकदा खाकरला की 'आत येतोय, पदर घे'. दोनदा खाकरला की 'चहा'. उंबऱ्यावर काठी आपटली की 'वाढ'. तांब्या पालथा पडला की 'पाणी संपलंय'. जोडं जोरात वाजलं की आज कुणाशी तरी भांडण झालंय, शकूला बाजूला घ्यायची. बाहेरच्या माणसाला वाटलं असतं ह्या घरात सगळ्यांना खोकला झालाय.

आन् जे खाकरण्यात मावायचं न्हाई ते तुमी भुरीला सांगायचा. गोठ्याच्या दारात उभं राहून, "भुरे, आज गुऱ्हाळावर सात माणसं जास्त हायत." मी आतनं भाकरी थापत म्हणायची, "भुरे, पीठ संपत आलंय." म्हस आपली रवंथ करत उभी. मला तवा हसू यायचं, खोटं कशाला सांगू. बरं चाललं हुतं आपलं. सोमवारी पलूसच्या बाजारातनं तुमी शेवचिवड्याच्या दोन पुड्या आणायचा, एक शकूची आन् एक माझी, आन् काही न बोलता माझ्या देवळीत ठेवायचा. देवळी म्हंजे भिंतीतला त्यो कोनाडा, जिथं माझी फणी आन् कुंकवाचा करंडा असायचा. तुमच्या लेकाची पत्रंबी तिथंच ठेवायचा.

त्या पत्रांचं आता सांगती. माझी चोरी हाय ती, ऐकून घ्या.

लग्न ठरवताना तुमी माझ्या बापाला इचारलं हुतं, पोरगी शिकल्याली हाय का? पोरगा फौजेत, पत्रं येणार, वाचता यायला पायजे. बाप म्हणाला, चौथी पास हाय. मामंजी, आमच्या वाडीला शाळाच न्हवती! चौथी कुठली, पहिलीचा फळाबी मी बघितला न्हवता. सासरी निघताना बापानं कानात सांगितलं, पोरी, झाकली मूठ सव्वा लाखाची, उघडू नगंस. मी न्हाई उघडली. तुमच्या लेकाचं पत्र आलं की दारात उजेडाला उभी राहायची. डोळं डावीकडनं उजवीकडं फिरवायची, तुमी फिरवायचा तसं. मधीच मान हलवायची. एखाद्या वेळी गालात हसायचीबी. मग दुपारी ताक मागायच्या निमतानं शेजारच्या कमळीकडं जायची. सातवीतली पोर, तीच वाचून दाखवायची, तीच उत्तर लिहायची, आन् मी तिची वेणी घालून द्यायची. तुमी कट्ट्यावर बसून माझं वाचणं बघायचा. गावात सांगायचा म्हणं, आमची सून पत्र एका दमात वाचती.

आता त्यो सोमवार.

मार्गशीर्ष लागला हुता. गुऱ्हाळ चालू, रोज पंधरा माणसांच्या भाकरी. कमळी घरच्यांबरोबर म्हसवडला सिद्धनाथाच्या जत्रेला गेल्याली. दुपारी पोस्टमन आला. कार्ड तुमी घेतलं, उभ्या उभ्याच वाचलं. मी चुलीम्होरं हुते, धूर डोळ्यांत. बऱ्याच वेळानं तुमी एकदा खाकरून आत आलासा, कार्ड देवळीत ठेवलं, परत खाकरला आन् अंगणात जाऊन उभं राहिला.

मी हात पुसलं. कार्डावर माहेरच्या माझ्या दादाचं अक्षर हुतं. वाचता येत नसलं तरी त्याचं अक्षर मला ओळखू यायचं, डोंगर उतरल्यावानी तिरकं. पहिल्यांदा काय बघितलं असंल मी? कोपरं. एकेक कोपरा बोटानं चाचपला. चारी कोपरं शाबूत. जीव भांड्यात पडला. सगळी खुशाल हायत म्हणलं. मग तुमी अंगणातनं बघताय हे ध्यानात आलं, तर नेमापरमाणं डोळं फिरवलं, मान हलवली, कार्ड देवळीत ठेवलं आन् भाकरी थापायला बसले. कमळी आली की वाचून घेऊ, घाई काय हाय?

मंगळवारी सकाळी तुमी गाडी जुंपून दारात आणली. आत कडबा, कडब्यावर घोंगडी अंथरलेली. तुमी पितळी बटनांचा कोट घातलेला, फेटा बांधलेला. तीनदा खाकरलासा. तीनदा खाकरण्याचा अर्थ मला ठाऊक न्हवता, तुमी त्याआधी कवा तीनदा खाकरला न्हवता. मला वाटलं पेन्शनच्या कामाला कराडला चाललासा, वाटंत खायला पायजे. मी पळत आत गेले, चार भाकऱ्या आन् झुणका फडक्यात बांधला आन् आणून तुमच्या हातात दिला.

तवा तुमी माझ्या तोंडाकडं बघितलंसा. कवा बघायचा न्हाई, त्या दिवशी बघितलंसा. मी पदर ओढून घेतला. तुमी गाडीत चढून बैल हाकलं आन् गेलासा. सांजंला गाठोडं परत आलं, गाठसुद्धा सोडलेली न्हवती. मी मनात म्हणलं, म्हाताऱ्याला माझ्या भाकरीचा कवापासनं वीट आला?

बेस्तरवारी कमळी आली. कार्ड घेऊन गेले तिच्याकडं. ती जत्रंतल्या बांगड्या दाखवत हुती, मी म्हणलं आधी ह्ये वाच. तिनं वाचलं. 'आई लई आजारी आहे. सारखं तुझं नाव घेते. कार्ड मिळताच निघून ये.' पुढचं मला ऐकूच आलं न्हाई. तिच्या हातातनं कार्ड ओढून घेतलं, शकूला काखंत मारलं आन् पायी फाट्यावर गेले. तिथनं एस.टी., कराड, सातारा, मेढा, आन् मग डोंगर चढून वाडी. चुलीवरची आमटी तशीच ठेवून आले हुते.

आई बुधवारीच गेल्याली.

मंगळवारी निघाले असते तर सांजंला पोचले असते. तिच्या तोंडात पाणी घातलं असतं. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, शेवटपर्यंत दाराकडं बघत हुती, हौसा आली का, हौसा आली का. ह्ये मी कुठं ठेवू, मामंजी? सहा वर्सं झाली, अजून जागा सापडली न्हाई.

दादा अंगणात बसला हुता. उठला न्हाई. शकूला घेतलं न्हाई. म्हणाला, "कार्ड पोचलं न्हवतं व्हय?" मी म्हणलं, पोचलं. म्हणाला, "तुला वाचता येत न्हाई हे मला ठावं हाय. पर तुझ्या सासऱ्याला येतंय की! सुभेदार हाय न्हवं त्यो? भाकरी करायला बाई कमी पडंल म्हणून दाबून ठेवलं त्येनं." आन् त्यानं तिथंच शपथ घातली, ह्या पोरीच्या सासरच्या उंबऱ्यावर पाय ठेवणार न्हाई.

मला पटलं त्याचं. का पटू न्हाई? तुमी कार्ड वाचलेलं मी डोळ्यांनी बघितलं हुतं. माणसं पंधरा, गुऱ्हाळ भरात, आन् तुमी तोंडातनं अवाक्षर काढलं न्हाई. अख्ख्या कंपनीला हुकूम सोडणारा माणूस, रानात बैलाला हाक मारली तर नदीपलीकडं ऐकू जायची, आन् घरातल्या बाईला 'आई मरतीया, जा' एवढं सांगायला तुमची जीभ झिजत हुती?

इचारणार तरी कसं? 'तुमी मला का सांगितलं न्हाई' असं म्हणलं की तुमी म्हणणार, 'तुझं तू वाचलं न्हाईस?' आन् चौथी पासचं बिंग बाहेर. बाप खोटा पडणार, मी खोटी पडणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणत्यात त्यो ह्योच.

परत आले तवा तुमी कट्ट्यावर हुता. उठून गोठ्यात गेलासा. त्या दिसापासनं तुमी एकदाच खाकरायला लागला, तेबी तुटक. भुरीशी बोलणं बंद. सोमवारच्या बाजारातनं एकच पुडी यायला लागली, शकूची. मी बघितलं न्हाई असं वाटलं व्हय तुमाला? पहिल्या सोमवारीच बघितलं.

मग मीबी काय कमी केलं न्हाई. आज लिहून टाकती. तुमच्या चहात गुळाचा खडा लहान टाकायला लागले. भाकरीचा फुगलेला पापुद्रा तुमाला आवडायचा, त्यो काढून कुत्र्याला घालायची. ताट ठेवताना आदळायची. काठी आपटली तरी दोन भाकरी भाजून होईस्तवर उठायची न्हाई. तुमी एका शब्दानं बोलला न्हाई. कमी गोडाचा चहा गुमान पिऊन कप पालथा घालायचा. त्याचा तर मला जास्तच राग यायचा. अपराध केलाय म्हणूनच गुमान पितोय, असं वाटायचं.

सहा वर्सं मामंजी! एका छताखाली, एका चुलीचं खाऊन.

तुमचं ल्योक सुट्टीवर आलं की आपण दोघं कसं वागायचो आठवतंय? जणू काही झालंच न्हाई. त्यांनी इचारलं, काय गं, आबा गप गप का असतात? मी म्हणलं, वय झालंय. तुमाला इचारलं असंल तर तुमीबी काहीतरी तसलंच सांगितलं असंल. त्येंच्या पत्रातबी तेच, 'इकडे सर्व ठीक, तिकडे सर्व ठीक असेल.' सगळं घराणंच तसलं.

वर्गाला मी गेल्या साली जायला लागले. देवळात दुपारी बायकांचा वर्ग भरतो, बाई तालुक्यावरनं येतात. तुमाला वाटलं असंल भजनाला जाती. एकेक अक्षर सुटायला लागलं, तुमच्या लेकाची पत्रं माझी मी वाचायला लागले. कमळीचं तर लग्नबी होऊन गेलंय. पण देवळीतलं ते कार्ड मी हातात घेतलं न्हाई. त्यात काय हाय ते ठाऊकच हुतं. 'सारखं तुझं नाव घेते', हे आपल्या डोळ्यांनी कशाला वाचायचं? करंड्याच्या मागं ठेवलं हुतं, तसंच राहू दिलं. तिथं माझं चुकलं. ते पुढं येतंय.

तीन महिन्यांमागं तुमच्यावरनं वारं गेलं. उजवा हात गेला, वाचा गेली. तुमाला भरवायला, पुसायला मीच हुते. रीतभात त्या आजारानं एका दिसात मोडून काढली. आन् तवा तुमाला बोलायचं सुचलं! जीभ हुती तवा गप्प, आन् जीभ गेल्यावर दिसभर 'आँ आँ' चालू. डावा हात उचलून देवळीकडं दाखवायचा. मी तंबाखूची डबी आणली. फणी आणली. शकूची पाटी आणली. सगळ्याला मान हलवून न्हाई म्हणायचा आन् डोळ्यांतनं पाणी काढायचा. मी वैतागून म्हणायची, काय पायजे ते नीट दाखवा. करंड्याच्या मागं बघायचं मला सुचलं न्हाई. खरं सांगू? सुचलं हुतं. एकदा सुचलं हुतं. पण मी म्हणलं, आता मरताना माफी मागतोय म्हातारा, मागू दे, मी न्हाई ऐकणार.

काल-परवा तुमचं तेरावं झालं. पंगती उठल्यावर ज्ञानू तात्या मागं राहिलं. तुमच्याच पलटणीतलं, सांजचं रोज कट्ट्यावर बसणारं. मी ताटं गोळा करत हुते. त्यांनी मला हाक मारली, नावानं. माझ्या सासरी बाप्याच्या तोंडून माझं नाव मी लय दिसांनी ऐकलं.

म्हणालं, "हौसा, एक इचारू का? सुभेदाराला जन्मात इचारता आलं न्हाई, म्हणून मी इचारतो. आई मरायला टेकल्याली, आन् तू गेली का न्हाईस गं?"

मी म्हणलं, "तात्या, मला कुणी सांगितलं हुतं?"

"गाडी जुंपून दारात उभा हुता की त्यो! तुला फाट्यावर सोडायला. तू बसायचं सोडून भाकरी हातात दिलीस. 'भाकरी घ्या आन् रानात जा, मी काय जात न्हाई', असंच झालं न्हवं त्ये? गुऱ्हाळावर येऊन माझ्याजवळ रडला, म्हणाला, ज्ञानू, सुनेचं काळीज दगडाचं हाय."

माझ्या हातातली ताटं मी खाली ठेवली. मी म्हणलं, तोंडानं का बोललं न्हाईत? माझ्याशी न्हाई तर म्हशीला तरी सांगायचं, रोज सांगत हुतेच की.

तात्या म्हणालं, "मीबी तेच म्हणलं त्येला. तर म्हणाला, कुणाची आई मरतीया हे काय जनावराला सांगायचं असतंय व्हय? म्हणून त्येनं लिहून ठेवलं हुतं. शिकल्याली सून हाय, वाचंल म्हणाला."

कुठं लिहून ठेवलं हुतं?

तात्या गेलं. मी देवळीपाशी गेले. करंडा बाजूला केला, कार्ड काढलं. कागद पिवळा पडलाय, पण चारी कोपरं अजून शाबूत. मागची बाजू आधी वाचली, दादाची. कमळीनं वाचलं हुतं तेच. मग उलटलं. पत्त्याची बाजू कोण वाचतंय? कमळीनंबी उलटून बघितली नसंल, मी तिला बघूच दिलं न्हाई. पत्त्याच्या कडंला, बारीक पेन्सिलीनं, पलटणीत लिहायचा तसल्या ताठ अक्षरात:

'सौ. हौसाबाई यांस. मातोश्रींची प्रकृती बरी नाही. उद्या सकाळी गाडी जुंपतो. चि. शकूस घेऊन तयार राहावे. गुऱ्हाळाची व घराची काळजी करू नये. हवे तितके दिवस राहावे. – सुभेदार.'

मी लावून लावून वाचलं. 'मातोश्रीं' ला लय वेळ लागला.

हौसाबाई. अकरा वर्सांत एकदाबी तुमच्या तोंडून जे आलं न्हाई ते माझं नाव सहा वर्सं माझ्याच करंड्यामागं पडलं हुतं.

आता मला दिसतंय तुमी अंगणातनं काय बघितलंसा ते. सुनंनं कार्ड घेतलं, कोपऱ्याकोपऱ्यावर बोट फिरवत नीट वाचलं, समजल्यागत मान हलवली आन् भाकरी थापायला बसली. सकाळी घोंगडी बघितली आन् भाकरीचं गाठोडं हातात ठेवलं. तुमच्या जागी मी असते तर मीबी हिला दगड म्हणलं असतं.

पण म्हणून मी तुमाला सोडणार हाय व्हय? न्हाई! तुमाला माझं नाव लिहिता येत हुतं तर बोलता का येत न्हवतं? भाकरीचं गाठोडं हातात आलं तवा 'अगं, तुझ्यासाठी गाडी हाय' एवढे चार शब्द बोलला असता तर भावकीनं काय वाळीत टाकलं असतं तुमाला? माझी आई दाराकडं बघत गेली, आन् दारात जुंपलेली गाडी उसात गेली. रडल्याबिगर आईबी पाजत न्हाई म्हणत्यात. आपण दोघांनी तर सांगायचं सोडून दुसऱ्यानं वळखावं म्हणून सहा वर्सं उपास काढला. आन् माझ्या बापाच्या खोट्यावर तुमी इतका इस्वास का ठेवलासा? एकदा तरी म्हणायचं, सूनबाई, जरा वाचून दाखवा. मी रडत सांगितलं असतं, मला येत न्हाई.

मीबी सांगितलं न्हाई. माझ्या चुलीवर तुमचा चहा अगोड करत बसले.

आज सकाळी तुमचं ल्योक कट्ट्यावर तुमच्या जागी बसलं आन् दोनदा खाकरलं. ऐकलं का, दोनदा! मी चहा न्हाई नेला. दारात गेले आन् म्हणलं, "काय पायजे ते तोंडानं सांगा." त्येंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू म्हसच बोलली. मग म्हणालं, चहा देतीस का. दिला. गूळ नेहमीगत टाकला.

त्येंना आज सांजंला सगळं सांगणार हाय. चौथी पास न्हवते, पत्रं कमळी वाचायची, उत्तरं कमळी लिहायची. रागावतील. रागावू द्यात, पण तोंडानं रागावू द्यात.

आन् उद्या सकाळच्या एस.टी.नं मी मेढ्याला निघालीया. तुमच्या मरणाचं कार्ड दादाला मीच पाठवलं हुतं, कोपरा फाडून. आला न्हाई. त्यो येणार न्हाई म्हणून मीच जाती. त्याच्या अंगणात उभी राहून, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं सांगणार हाय की माझ्या सासऱ्यानं कार्ड दाबलं न्हवतं. त्यानं घोंगडी अंथरून गाडी दारात आणली हुती, मीच बसले न्हाई. पेन्सिलीचं लिहिलेलं दाखवीन, आन् मी ते मोठ्यांदी वाचून दाखवीन. 'मातोश्रीं' आता मला येतंय.

फाट्यापर्यंत चालत न्हाई जायची. तुमच्या लेकाला सांगणार हाय, गाडी जुंपा. घोंगडी मी अंथरीन. ह्या खेपेला मी बसणार, मामंजी, हे माझं वचन.

तुमची सून,
हौसा.
आता वाचता येतंय.